पायथन, पीएचपी, लुआ: मेमरीची काळजी स्वतः घेणाऱ्या भाषांमधला कोडही अचानक का कोसळतो?

शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५. सकाळीच रिझर्व्ह बँकेनं रेपो दर पाव टक्क्यानं कमी करून ५.२५ टक्क्यांवर आणला होता आणि शेअर बाजाराचं लक्ष त्यावर होतं. दुपारी सव्वादोन वाजून गेले आणि झिरोधा, ग्रो यांसारखी शेअर खरेदी-विक्रीची ॲप उघडेनाशी झाली. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरचा ब्रोकर असो की सोलापूरच्या नव्या पेठेत गल्ल्यावर बसून मोबाईलवर शेअर विकू पाहणारा व्यापारी, दोघांचीही गत एकच. बाजार बंद व्हायला जेमतेम सव्वा तास उरला होता. झिरोधानं ग्राहकांना व्हॉट्सॲपवरची पर्यायी सोय वापरायला सांगितलं.

साधारण २५ मिनिटांनी सगळं पूर्ववत झालं. बिघाड या ॲपच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये नव्हताच. तो होता क्लाउडफ्लेअर या अमेरिकन कंपनीच्या यंत्रणेत. जगातल्या अंदाजे २० टक्के वेबसाइटसमोर ही कंपनी पहारेकऱ्यासारखी उभी असते. तुमची विनंती आधी तिच्याकडे जाते, तपासली जाते आणि मग पुढे सोडली जाते. त्या दिवशी तिच्याकडून जाणाऱ्या एकूण वेब वाहतुकीपैकी सुमारे २८ टक्के वाहतुकीला फटका बसला.

कंपनीनं त्याच दिवशी सविस्तर कारण प्रसिद्ध केलं. ते वाचण्यासारखं आहे, कारण त्यात हॅकर नाही, केबल तुटलेली नाही, आग लागलेली नाही. आहे ती फक्त लुआ या स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलेली, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत आलेली एक चूक.

नेमकं काय झालं होतं?

त्या आठवड्यात रिॲक्ट या लोकप्रिय वेब तंत्रज्ञानात एक गंभीर त्रुटी उघड झाली होती. तिचा गैरफायदा घेणाऱ्या विनंत्या ओळखायच्या तर येणाऱ्या माहितीचा मोठा तुकडा मेमरीत धरून तपासावा लागणार होता. या तात्पुरत्या साठवणीच्या जागेला बफर म्हणतात. क्लाउडफ्लेअरचा बफर १२८ केबीचा होता, तो १ एमबी करायचं ठरलं.

हे काम सुरू असताना लक्षात आलं की कंपनीचं स्वतःचं एक अंतर्गत टेस्टिंग टूल एवढा मोठा बफर पेलत नाही. ग्राहकांच्या वाहतुकीशी त्या टूलचा संबंध नव्हता. मग ते बंद करायचं ठरलं. बफरचा बदल टप्प्याटप्प्यानं होत होता, पण टूल बंद करण्याचा आदेश ज्या यंत्रणेतून गेला ती काही सेकंदांत जगभरातल्या सगळ्या सर्व्हरवर बदल लागू करते.

आता गंमत बघा. एखादा नियम तातडीनं बंद करण्याची सोय कंपनीकडे होतीच, पण या विशिष्ट प्रकारच्या नियमावर ती आजवर कधीच वापरली गेली नव्हती. ती वापरताच नियम वगळला गेला, त्यामुळे त्याचा निकाल ठेवणारी वस्तू मेमरीत तयारच झाली नाही. पुढचा लुआ कोड मात्र ती वस्तू आहेच असं धरून तिच्यात डोकावायला गेला. तिथं होतं ‘निल’, म्हणजे काहीच नाही. कोड थांबला आणि वेबसाइटच्या जागी लोकांना एररचं पान दिसू लागलं.

म्हणजे टेस्टिंगचं टूल बंद करायला गेले आणि कधीच टेस्ट न झालेल्या वाटेवर अडखळले.

स्क्रिप्टिंग भाषा मेमरीचं काय करतात?

लुआ, पायथन, पीएचपी, जावास्क्रिप्ट, पर्ल या सगळ्यांना ढोबळमानानं स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. सोलापूरच्या इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा कॉलेजांत पायथन शिकवताना त्याचा एक फायदा हमखास सांगितला जातो: सी भाषेसारखी मेमरीची काळजी तुम्हाला करावी लागत नाही. हे खरं आहे, पण अर्धंच.

समजा, आषाढीच्या दिवसांतलं पंढरपुरातलं एक भक्तनिवास आहे. प्रोग्राम म्हणजे येणारे वारकरी आणि मेमरी म्हणजे खोल्या. सी भाषेत काउंटरवर व्यवस्थापकच नसतो. खोली घ्यायची तुम्ही, लक्षात ठेवायची तुम्ही, किल्ली परत करायची तीही तुम्हीच. यात चार प्रकारचे घोळ होतात. किल्ली परत न करता निघून गेलात, तर खोली रिकामी असूनही अडकून राहते. ही मेमरी लीक, म्हणजे मेमरीची गळती. आपली खोली सोडून शेजारच्या खोलीत सामान टाकलंत, तर तो बफर ओव्हरफ्लो. किल्ली परत केली पण जवळच्या दुसऱ्या किल्लीनं पुन्हा आत शिरलात, आणि तोवर तिथं दुसरं कुटुंब उतरलेलं, तर त्याला ‘यूझ आफ्टर फ्री’ म्हणतात. आणि मुळात दिलीच नव्हती ती खोली उघडायला गेलात, तर रिकामा पत्ता.

पायथन किंवा पीएचपीमध्ये काउंटरवर एक चोख व्यवस्थापक बसवलेला असतो. प्रत्येक खोलीवर किती जणांचं नाव आहे हे तो मोजत राहतो. शेवटचं नाव खोडलं की खोली लगेच मोकळी. लुआ आणि जावास्क्रिप्टमधला व्यवस्थापक नावं मोजत बसत नाही. तो अधूनमधून फेरी मारून कोणाच्याच उपयोगात नसलेल्या खोल्या हुडकतो. शेजारच्या खोलीत घुसू पाहणाऱ्याला दारातच अडवलं जातं. लुआचा तो कोड ‘निल’पाशी थांबला, तो या शिस्तीमुळेच. सी भाषेत असाच घोळ झाला असता तर प्रोग्राम पडला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच माहिती वाचून तसाच पुढे गेला असता.

मग अडचण कुठे येते? एक गोष्ट म्हणजे व्यवस्थापक रजिस्टरवर विश्वास ठेवतो. दोन पाहुणे एकमेकांच्या खोलीवर नाव लावून निघून गेले, तर नावं मोजणाऱ्याला दोन्ही खोल्या भरलेल्याच दिसतात. अशा जोड्या शोधायची वेगळी सोय पायथन आणि पीएचपीत आहे. पण प्रोग्रामरनंच एखादी यादी करून ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून तिच्यात नोंदी टाकत राहिला आणि काढल्याच नाहीत, तर जगातला कुठलाही व्यवस्थापक त्या खोल्या रिकाम्या करणार नाही. त्याच्या दृष्टीनं त्या वापरात आहेत.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, अर्ज भरण्याचं एक पोर्टल प्रत्येक अर्जामागे ५० केबी माहिती अशीच धरून ठेवतं. उद्घाटनाआधी २०० अर्ज भरून टेस्ट केली, तर अडकले १० एमबी. कोणाच्या लक्षातही येणार नाही. प्रत्यक्षात एक लाख अर्ज आले की हाच आकडा ५ जीबीवर जातो आणि ४ जीबी मेमरीचा सर्व्हर त्याआधीच कोलमडतो. कोड तोच, टेस्ट पास झालेली, आणि पोर्टल बंद.

दुसरी गोष्ट व्यवस्थापकाचीच. पायथन आणि पीएचपी चालवणारी मूळ यंत्रणा सी भाषेत लिहिलेली आहे. वेगासाठी वापरली जाणारी अनेक लायब्ररीही सी किंवा सी++ मध्ये असतात. तिथं चूक झाली तर वर कितीही शिस्तीचा पायथन लिहिला असला तरी उपयोग नाही.

२०१६ मध्ये याचा नमुना दिसला. प्रौढांसाठीच्या एका बड्या व्हिडिओ साइटनं तिच्यातले दोष शोधणाऱ्यांना बक्षीस जाहीर केलं होतं. संशोधकांच्या एका गटानं साइटच्या कोडमध्ये खोलवर न जाता थेट पीएचपीच्याच पोटात हात घातला. वापरात नसलेली मेमरी गोळा करणाऱ्या, म्हणजे गार्बेज कलेक्शनच्या भागातच त्यांना ‘यूझ आफ्टर फ्री’चे दोन दोष सापडले आणि त्यांच्या जोरावर साइटच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता आला. त्यांना २० हजार डॉलर मिळाले. पीएचपीमधल्या दोषांसाठी इंटरनेट बग बाउंटीकडून आणखी २ हजार. खोल्या सांभाळायला ठेवलेल्या व्यवस्थापकाच्याच किल्ल्यांचा जुडगा लोकांच्या हाती लागला, असं म्हणायला हरकत नाही.

गळती इतकी उशिरा का कळते?

कारण ती हळू असते. याचं सर्वात बोलकं उदाहरण २२ ऑक्टोबर २०१२ चं आहे. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया भागातलं केंद्र त्या दिवशी अडखळलं आणि रेडिटसह अनेक साइट बंद पडल्या. सुरुवात क्षुल्लक होती. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बिघडला, म्हणून तो बदलला. पण नव्या सर्व्हरचा पत्ता सगळीकडे पोहोचला नाही. काही स्टोरेज सर्व्हरवरचा छोटा प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा हाक मारत राहिला. ती माहिती महत्त्वाची नसल्यानं कोणाचं काही अडलं नाही. मात्र प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडी मेमरी अडकत गेली, कारण त्या प्रोग्राममध्ये गळतीचा दोष दडलेला होता. हे सर्व्हर एरवीही मेमरी भरपूर वापरत असल्यानं धोक्याची घंटा वाजलीच नाही.

एरवी ही गळती झाकली जाते ती रीस्टार्टमुळे. पीएचपीचा स्वभावच असा की एक विनंती पूर्ण झाली की त्या विनंतीसाठी घेतलेली मेमरी झाडून मोकळी होते. त्यामुळे गळका कोडही वर्षानुवर्षं खपून जातो. पीएचपीचे सर्व्हर चालवणाऱ्या व्यवस्थेत आणि पायथनच्या गनिकॉर्नमध्ये ठरावीक विनंत्यांनंतर प्रक्रिया मारून नवी सुरू करण्याची सोय आहे. ती गळतीवर उतारा म्हणून आहे, असं दोघांच्याही माहितीपुस्तिकेत सरळ लिहिलेलं आहे. व्यवहाराच्या दृष्टीनं यात चूक काही नाही. पावसाळ्यात गळक्या छताखाली बादली ठेवावीच लागते. पण बादली ठेवल्यावर कौलं बदलायचं राहूनच जातं, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

मग टेस्ट करायची कशी?

साधी टेस्ट विचारते, ‘उत्तर बरोबर आलं का?’ मेमरीची टेस्ट विचारते, ‘उत्तर दिल्यानंतर टेबल पुसलं का?’

यासाठी एकच काम हजारो वेळा करून घेतात आणि प्रत्येक टप्प्यावर मेमरी किती लागली ते नोंदवतात. निरोगी प्रोग्रामचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो: वर जातो, सफाई झाली की पुन्हा मूळ पातळीवर येतो. गळक्या प्रोग्रामचा आलेख जिन्यासारखा असतो. प्रत्येक वेळी खाली येतो खरा, पण आधीच्या पायरीपर्यंत नाही.

कुठली ओळ मेमरी अडकवून बसली आहे हे शोधायला पायथनमध्ये २०१४ पासून ट्रेसमॅलॉक हे साधन आहे, तेही भाषेसोबतच फुकट मिळणारं. कामाच्या आधी एक नोंद घ्यायची, नंतर एक घ्यायची आणि दोन्हींतला फरक बघायचा. जावास्क्रिप्टसाठी हीच सोय ब्राउझरमध्येच असते. लुआत तर किती मेमरी वापरात आहे हे एका ओळीत विचारता येतं.

भाषेच्या पोटातल्या सी कोडसाठी मात्र वेगळी हत्यारं लागतात. वालग्रिंड हे त्यातलं जुनं आणि भरवशाचं. गुगलच्या अभियंत्यांनी तयार केलेलं ॲड्रेस सॅनिटायझर हे नंतरचं, आणि बरंच वेगवान. ही साधनं प्रत्येक खोलीच्या दारावर माणूस उभा करतात, म्हणून प्रोग्राम संथ होतो. वालग्रिंडखाली तर कित्येक पटींनी संथ. शिवाय पायथनवर वालग्रिंड थेट चालवलं की खोट्या तक्रारींचा पाऊस पडतो. कारण पायथनचा व्यवस्थापक अख्खा मजला आधीच ताब्यात घेतो आणि मग आतल्या आत खोल्या वाटतो. बाहेरच्या तपासनिसाला फक्त एक भरलेला मजला दिसतो. म्हणून टेस्टपुरती ही अंतर्गत वाटप व्यवस्था बंद करून प्रत्येक खोली थेट मालकाकडून घ्यायला लावतात. पायथननं तशी सोय दिलेली आहे. ती ठाऊक नसल्यानं अनेक जण वालग्रिंडचा पहिला अहवाल पाहूनच नाद सोडतात.

पण साधनापेक्षा अवघड आहे ते टेस्टमध्ये काय द्यायचं हे ठरवणं. १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइकचा गोंधळ आठवत असेल. जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळी स्क्रीन दाखवून बसले, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले आणि दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ फटका बसल्याचं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं. तिथं एका प्रकारच्या माहितीत २१ रकाने अपेक्षित होते, कोड मात्र २० च पुरवत होता. टेस्ट झाल्या होत्या. पण प्रत्येक टेस्टमध्ये २१ व्या रकान्यासाठी ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं असल्यानं तो रकाना वाचायची वेळच आली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा तिथं नेमकी अट आली, कोड २१ वी खोली उघडायला गेला आणि भिंत ओलांडून पलीकडे पडला.

भाषाच बदलली तर?

या प्रश्नाला हल्ली ‘रस्ट’ असं तयार उत्तर मिळतं. या भाषेत असे बरेच घोळ प्रोग्राम चालण्याआधीच पकडले जातात. त्याला आधारही आहे. अँड्रॉइडमधल्या सुरक्षा दोषांपैकी मेमरीशी संबंधित दोष २०१९ मध्ये ७६ टक्के होते. नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहायला लागल्यावर २०२४ मध्ये ते २४ टक्क्यांवर आले, असं गुगलची आकडेवारी सांगते.

क्लाउडफ्लेअरनंही ५ डिसेंबरच्या अहवालात हेच म्हटलं: त्याच कामासाठी रस्टमध्ये लिहिलेल्या नव्या यंत्रणेत ही चूक झाली नाही. वाक्य खरं आहे, पण त्याच्या १७ दिवस आधी, १८ नोव्हेंबरला, हीच कंपनी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास कोसळली होती आणि एक्स, चॅटजीपीटीसह असंख्य सेवा काही तास अडकल्या होत्या. ती चूक रस्टमधल्या कोडची होती. बॉट ओळखण्यासाठीच्या एका फाइलमध्ये एका बदलामुळे नोंदी दुप्पट झाल्या. त्यांच्यासाठी मेमरीत आधीच २०० ची मर्यादा आखून ठेवलेली होती, रोजचा वापर साधारण ६० चा. मर्यादा ओलांडली तर काय करायचं, याचा विचार न करता ‘असं होणारच नाही’ असं धरलेलं होतं. प्रोग्राम शिस्तीत थांबला, आणि त्याच्यामागे इंटरनेटचा मोठा तुकडाही.

भाषा बदलल्यानं चुकांचा एक वर्ग जातो. न चाललेली वाट मात्र तशीच राहते.

याचा सोलापूरशी काय संबंध?

शेअर बाजारातली २५ मिनिटं व्यापारी विसरून जाईल. महाराष्ट्रात ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द ज्यांनी पाठ केला आहे ते लोक वेगळे आहेत. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला सुरुवात झाली, तेव्हा दिवसा चालत नाही म्हणून रात्री जागून अर्ज भरल्याच्या बातम्या राज्यभरातून आल्या. पहिली मुदत १५ जुलै होती, ती ३१ ऑगस्टवर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेची ई-केवायसी सुरू झाली, नेमकी सीना नदीच्या पुरानं माढा, करमाळा, मोहोळमधली गावं पाण्यात असताना. ओटीपी येण्यात अडचणी असल्याचं महिला व बालविकासमंत्री अदिती तटकरे यांनी स्वतः मान्य केलं. १८ नोव्हेंबरची मुदत नैसर्गिक आपत्तीचं कारण देत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली.

पूरग्रस्त बाईसाठी ओटीपी न येणं म्हणजे महिन्याचे १,५०० रुपये टांगणीला लागणं, आणि महा ई-सेवा केंद्रातली आणखी एक फेरी, एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून.

आता फरक बघा. ॲमेझॉन, क्राउडस्ट्राइक, क्लाउडफ्लेअर या तिघांनीही कोणता कोड, कोणती मर्यादा, कोणती टेस्ट राहिली, हे लिहून प्रसिद्ध केलं. चांगुलपणा म्हणून नाही, ग्राहक निघून जातील म्हणून. आपल्याकडे पोर्टल अडखळल्यावर हाती येतं ते मुदतवाढीचं परिपत्रक. गर्दी जास्त होती, की मेमरी गळत होती, की ओटीपी पाठवणारी यंत्रणा कमी पडली, या तिन्ही आजारांना एकच नाव: सर्व्हर डाऊन. आणि तिघांवर औषधही एकच: थोडा वेळ थांबा, पुन्हा प्रयत्न करा.

सरकारी वेबसाइट सुरू होण्याआधी सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा नियमही एप्रिल २०२२ पासून आहे. पण या तपासणीचा भर बाहेरून कोणी आत शिरेल का, यावर असतो. आतलीच मेमरी पंधरा दिवसांत संपेल का, हा प्रश्न तिथं येत नाही. तो निविदेतच लिहावा लागेल, आणि तो लिहायला फार तंत्रज्ञान लागत नाही. योजनेची मुदत पंधरा दिवसांची असेल, तर अपेक्षित अर्जांइतकेच खोटे अर्ज टाकून पोर्टल रीस्टार्ट न करता तेवढे दिवस चालवून दाखवायचं. ओटीपीची यंत्रणा मुद्दाम बंद ठेवून काय होतं ते बघायचं. आणि मेमरीचा आलेख बिलासोबत जोडायचा.